मदत हवी आहे: आमचा विभाग मूळ कंपनीतून वेगळा होतोय, नेमकं काय तपासू?

नमस्कार.

अकरा वर्षं मी एका मोठ्या कंपनीत यंत्रांच्या देखभालीच्या विभागात काम करते. गेल्या महिन्यात मेल आला की वर्षभरात आमचा विभाग वेगळी, शेअर बाजारात नोंदलेली कंपनी होणार. मग सगळ्यांना बोलावून तासभर सादरीकरण झालं. 'दोन्ही व्यवसायांना आपापल्या वाटेने वाढता येईल' हे चार वेळा ऐकलं. पेन्शनचं काय, असं एकाने विचारलं तर 'योग्य वेळी कळवू' एवढंच उत्तर मिळालं. तेव्हापासून मला नीट झोप नाही. आमच्यातल्या दोघांच्या निवृत्तीला तीन-चार वर्षंच उरली आहेत आणि ते मलाच विचारतात, कारण मी जरा वाचणारी.

पंधरा दिवसांत जेवढं उमगलं ते लिहिते, चुकलं तर सांगा.

विक्रीत कोणीतरी पैसे मोजतो आणि मालक बदलतो. डिमर्जरमध्ये, म्हणजे आमच्यासारखं वेगळं होण्यात, तसं नसतं. मूळ कंपनीच्या भागधारकांनाच नव्या कंपनीचे शेअर मिळतात, ज्याचे जेवढे होते त्या प्रमाणात. ॲबट या अमेरिकी कंपनीने १ जानेवारी २०१३ ला औषधांचा मोठा व्यवसाय ॲबव्ही या नावाने वेगळा केला, तेव्हा ॲबटच्या प्रत्येक शेअरमागे ॲबव्हीचा एक शेअर मिळाला. त्या दिवशी दोन्हीकडचे मालक तेच लोक होते. आणखी एक रीत म्हणजे आधी थोडा हिस्सा बाजारात विकायचा आणि उरलेला नंतर सोडायचा. जॉन्सन अँड जॉन्सनने २०२३ मध्ये रोजच्या वापराच्या वस्तूंच्या केनव्ह्यू या कंपनीचं असं केलं. मे महिन्यात छोटा हिस्सा बाजारात आणला आणि जुलैमध्ये भागधारकांना सांगितलं की हवं तर आमचे शेअर परत द्या आणि केनव्ह्यूचे घ्या.

माझं घोडं अडलंय ते पुढे. मालक तेच, माणसं तीच, यंत्रं तीच. मग वेगळं झाल्याने वाढतं काय? आणि कंपनीवर जे कर्ज आहे ते कोणाच्या वाट्याला जाणार, हे ठरवतं कोण?

प्रतिसाद १

मी हिशेब विभागात असताना अशा एका विभाजनावर दीड वर्ष काम केलंय. दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण खरी मेख तिथे आहे.

ठरवते मूळ कंपनी. कोणती मालमत्ता, कोणते करार, कोणती देणी कुठे जाणार हे विभाजनाच्या करारात लिहिलेलं असतं. त्यावर नव्या कंपनीतर्फे सही करणारी माणसंही तोवर मूळ कंपनीनेच नेमलेली असतात. म्हणजे वाटणी होते तेव्हा धाकट्याच्या बाजूने भांडायला कोणी नसतं. नेहमीची पद्धत अशी की विभाजनाआधी नव्या कंपनीच्या नावावर कर्ज उभारायचं आणि त्यातली बरीच रक्कम मूळ कंपनीने घ्यायची. ॲबव्हीने वेगळं होण्याआधी, नोव्हेंबर २०१२ मध्ये, सुमारे १४.७ अब्ज डॉलरचे रोखे विकले होते. तिच्याकडे जोरात खपणारं औषध होतं म्हणून ते पेललं. कर्ज असणं वाईट नाही. कमाईच्या मानाने ते किती, हे बघायचं.

जुन्या देण्यांचं मात्र फार जपून बघा. केर-मॅगी या तेल कंपनीने २००५-०६ मध्ये पांढऱ्या रंगद्रव्याचा व्यवसाय ट्रोनॉक्स म्हणून वेगळा केला. त्याबरोबर कित्येक दशकांच्या प्रदूषित जागांची देणीही ट्रोनॉक्सच्या गळ्यात घातली, अगदी ज्या धंद्यांशी रंगद्रव्याचा काही संबंध नव्हता त्यांचीसुद्धा. जानेवारी २००९ मध्ये ट्रोनॉक्स दिवाळखोरीत गेली. २०१३ च्या शेवटी न्यायालयाने ते हस्तांतर फसवं ठरवलं आणि केर-मॅगी विकत घेतलेल्या ॲनाडार्कोला ५.१५ अब्ज डॉलरची तडजोड करावी लागली. पैसे वसूल झाले, पण मधल्या वर्षांत तिथे काम करणाऱ्यांनी काय सोसलं असेल याचा मी अजून विचार करतो.

प्रतिसाद २

वाढतं काय, याबद्दल थोडं. एका छताखाली असताना कुठला विभाग किती पैसे मागतो आणि किती कमावतो हे एकमेकांत मिसळून जातं. वेगळं झालं की प्रत्येकाला आपल्या नफ्यातून आपली गुंतवणूक करता येते. कधी ग्राहकही मोकळे होतात. ऑनलाइन पैसे देण्याघेण्याची सेवा देणारी पेपाल ही ईबे या ऑनलाइन बाजाराच्या मालकीची असेपर्यंत ईबेशी स्पर्धा करणाऱ्यांना तिच्याशी करार करणं जड जायचं. २०१४ च्या सुरुवातीला गुंतवणूकदार कार्ल आयकन यांनी विभाजनाची मागणी केली तेव्हा ईबेने ती धुडकावली, पण सप्टेंबरमध्ये तोच निर्णय जाहीर केला आणि जुलै २०१५ मध्ये पेपाल वेगळी झाली.

पण खर्च आपोआप घटतो असं समजू नका. एक पगार विभाग होता, आता दोन लागतात. कायदा, लेखापरीक्षण, विमा, सगळंच दुप्पट. मूळ कंपनीकडेही मोठ्या पसाऱ्यासाठी उभारलेला खर्च मागे उरतो आणि तो उचलायला व्यवसाय आता लहान झालेला असतो. कपातीच्या बातम्या बऱ्याचदा तिकडूनही येतात.

प्रतिसाद ३

मी संगणक विभागातली. पहिल्या दिवशी तुमचा मेल, पगार, सुट्ट्यांची नोंद यातलं बरंच मूळ कंपनीच्याच यंत्रणेवर चालू असतं. त्यासाठी संक्रमण काळाचा सेवा करार असतो. मूळ कंपनी ठरावीक महिने सेवा देते आणि त्याचे पैसे घेते. आमच्याकडे तो अठरा महिन्यांचा होता आणि आम्हाला अगदी शेवटच्या आठवड्यापर्यंत लागला. सॉफ्टवेअरचे परवाने मूळ कंपनीच्या नावावर असतात, ते नव्याने घ्यावे लागतात. देखभालीचा विभाग आहे म्हणता, तर सुट्या भागांचा साठा आणि जुन्या दुरुस्त्यांची माहिती कुठल्या बाजूला जाणार हे आत्ताच विचारा. आमच्याकडे नोंदी तिकडे आणि यंत्रं इकडे असं झालं होतं. तीन महिने रोज कोणाला तरी विनवून फाइल मागावी लागे.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. साठ्याचा मुद्दा आमच्या कोणाच्याच डोक्यात आला नव्हता, उद्याच काढते. पगारातून कापून घेतलेले माझे थोडे शेअर आहेत. विभाजनाच्या दिवशी त्यांचा भाव पडतो असं ऐकलं. आधीच विकून टाकू का?

प्रतिसाद १

भाव खाली येतो, कारण एक तुकडा बाहेर पडलेला असतो. तुमच्या हातात आता दोन शेअर असतात, त्यांची बेरीज बघायची. प्रमाण एकास एक असेलच असं नाही. जीई, म्हणजे जनरल इलेक्ट्रिक, हिच्यातून जीई हेल्थकेअर जानेवारी २०२३ मध्ये वेगळी झाली तेव्हा जीईच्या तीन शेअरमागे एक मिळाला आणि एप्रिल २०२४ मध्ये जीई व्हर्नोव्हाच्या वेळी चारामागे एक. शेअरचा अपूर्णांक उरला तर बहुधा त्याचे रोख पैसे मिळतात. मूळ खरेदी किंमत दोघांत कशी विभागायची हे कंपनी कळवते. तो कागद सांभाळून ठेवा, कर भरताना लागतो.

पहिल्या काही आठवड्यांत नव्या शेअरची विक्री बऱ्याचदा जोरात होते. निर्देशांकानुसार चालणारे फंड, तो शेअर त्यांच्या निर्देशांकात बसत नसेल तर, विकून मोकळे होतात. व्यवसाय चांगला की वाईट हे ते बघत नाहीत. त्यामुळे केवळ घसरण बघून विकू नका. पण पगार आणि बचत दोन्ही एकाच कंपनीवर अवलंबून असणं मला पटत नाही. थोडे विकायचे असतील तर ते या कारणासाठी विका.

आणि त्या दोघांच्या पेन्शनबद्दल. 'पेन्शन सुरक्षित आहे का' असं विचारलंत तर 'हो' म्हणतील. त्याऐवजी लेखी विचारा की पेन्शनची देणी नव्या कंपनीकडे जाणार का, त्यांच्यासोबत फंडातला किती पैसा जाणार, कमी पडला तर भरपाई कोण करणार आणि आमची आधीची सेवा अखंड धरणार का. बाजारात नोंदणीआधी नव्या कंपनीचं माहितीपत्रक निघतं. देणी आणि जोखीम यांची प्रकरणं त्यात मागच्या बाजूला सापडतील. ते आलं की आधी तीच पानं उघडा.