जुनी मार्टिनी रायफल: नवी नळी घालून चालवावी, की आहे तशी भिंतीवर ठेवावी?

यारातीरी (धागाकर्ता):
मेलबर्नला राहतो, बंदुकीचं कॅटेगरी बी चं लायसन्स आहे. क्लबातल्या एका वयस्क सभासदाकडून बीएसए या ब्रिटिश कंपनीची मार्टिनी कॅडेट रायफल घेतली. अ‍ॅक्शनवर (नळीमागच्या यंत्रणेवर) कांगारूचा ठसा आहे, म्हणजे १९१० च्या आसपास ऑस्ट्रेलिया सरकारने कॅडेट मुलांसाठी मागवलेल्या मालातली. १९११ पासून इथे मुलांना लष्करी कवायत सक्तीची होती, त्यासाठीच ही छोटी मार्टिनी. खालची लिव्हर ओढली की नळी मागून बंद करणाऱ्या ब्लॉकचं तोंड झुकतं, एक काडतूस सरकवायचं, लिव्हर मिटायची, बार काढायचा. मॅगझिन वगैरे भानगड नाही.

अडचण काडतुसाची. हिचं मूळचं .३१० कॅडेट (आकडा म्हणजे साधारण इंचातलं कॅलिबर) आता कुठल्याही दुकानात उभ्या उभ्या मिळत नाही, आणि नळीला आतून गंजाचे खड्डे आहेत. लायसन्सधारक गनस्मिथकडून .३५७ मॅग्नमची नवी नळी बसवून घ्यावी असं मनात आहे. क्लबात यावरून दोन तट पडलेत. माझं मत: बंदूक चालती असावी. तुम्हाला काय वाटतं?

संग्रहवेडा:
साफ विरोध. शंभर वर्षं टिकलेली वस्तू तुमच्या शनिवारच्या हौसेसाठी कापायची? कांगारूचा ठसा, राज्याची खूण, मूळ नळी हे सगळं एकत्र असेल तरच तिला अर्थ. .३५७ मारायची तर त्या काडतुसाची आधुनिक रायफल विकत मिळते. ती घ्या.

लेथमास्तर:
संग्रहवेडा, बदल करणं हे पाप असेल तर पहिले पापी खुद्द ब्रिटिश लष्कर. ठासणीच्या एन्फिल्डला मागून तोंड पाडून १८६६ मध्ये स्नायडर केली. १८७१ ची मार्टिनी-हेन्री .३०३ आल्यावर नवी नळी घालून मार्टिनी-एन्फिल्ड झाली. एकबारी बंदुकीचा इतिहासच बदलांचा आहे.

संग्रहवेडा:
मास्तर, त्यांच्याकडे सरकारी कारखाना होता, गेज होते, आणि प्रत्येक बंदूक जास्त दाबाचा बार काढून तपासली जायची. मेलबर्नच्या एका वर्कशॉपची त्याच्याशी तुलना करता?

लेथमास्तर:
तपासणीचा मुद्दा मान्य. पण 'जुनी म्हणून धोकादायक' हे मान्य नाही. प्रश्न वयाचा नाही, बार उडाल्यावर मागे येणारा धक्का कोण झेलतो याचा आहे. मार्टिनीत ब्लॉक मागच्या पिनेवर फिरतो, पण धक्का पिनेने घ्यायचा नसतो. ब्लॉकची मागची गोलाई अ‍ॅक्शनच्या मागच्या भिंतीला टेकलेली असते, जोर तिथे जातो. गोलाई झिजली की सगळं ओझं बिचाऱ्या पिनेवर. यारातीरी, नळीचं कोटेशन नंतर मागा, आधी हे मोजून घ्या.

दुसरं, काडतुसावर आपटणाऱ्या फायरिंग पिनचं भोक. जुन्या कमी दाबाच्या काडतुसांना मोठं भोक चालून जायचं. दाब वाढला की प्रायमरचा (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचा) पत्रा त्या भोकात फुगतो, फाटतो, आणि गरम वायू मागे डोळ्यांकडे येतो. भोकात बुश (धातूची नळीसारखी कडी) बसवून ते बारीक करावं लागतं, पिनही बारीक. हे काम 'नंतर बघू' म्हणून टाळणारे मी पाहिलेत. त्यांच्या शेजारच्या लेनवर मी उभा राहत नाही.

ससेमारू:
एवढं करणारच तर .२२२ रेमिंग्टन का नाही? कोल्ह्या-सशांना झकास. इथे पूर्वी कितीतरी कॅडेट .२२२ केल्या गेल्या, अजून धडधाकट आहेत.

लेथमास्तर:
हिशोब करा. दोन्ही काडतुसांचा बुडाचा व्यास जवळपास सारखाच. .३५७ ची दाबाची कमाल मर्यादा ३५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड), .२२२ ची ५०,०००. म्हणजे त्याच ब्लॉकवर साधारण ४३ टक्के जादा धक्का. सायकलच्या फ्रेमला बुलेटचं इंजिन बसवता येतं, वळणावर काय होईल ते वेगळं. शिवाय .२२२ ला बाहेर आलेली कड नाही, त्यामुळे काडतूस बाहेर ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरचीही वेगळी खटपट. .३५७ रिव्हॉल्व्हरचं काडतूस, त्याला कड आहेच.

ससेमारू:
पण त्या फुटल्या नाहीत ना!

लेथमास्तर:
फुटलेल्या क्लबात आणून कोण दाखवतं?

काटकसरी:
नवी नळी कशाला? तीच नळी ठेवून चेंबर (काडतूस बसायची जागा) .३२-२० या काडतुसाचं करा. अमेरिकेत असं बऱ्याच कॅडेटांचं झालंय. निम्म्या खर्चात काम.

संग्रहवेडा:
आणि निम्मी नेमबाजी. .३१० ची गोळी .२२ सारखी, मागचा बारीक भाग (टाच) नळकांड्यात घालून बसवलेली. तिचा बाहेरचा भाग काडतुसाच्या नळकांड्याइतकाच जाड. .३२-२० ची गोळी त्याहून बारीक. ती या नळीत सैल जाते, खाचांना नीट धरतच नाही. म्हणजे मूळ वस्तूही गेली आणि निशाणही.

(इथे माझं आणि मास्तरांचं एकमत होईल, लिहून ठेवा.)

लेथमास्तर:
+१. लिहून ठेवलं.

नाना_निवृत्त:
आपल्या पोलिसांच्या ४१० मस्केटचा उल्लेख कसा नाही? ईशापूरच्या कारखान्यात .३०३ च्या नळ्या आतून गुळगुळीत करून, मॅगझिनच्या जागी लाकूड ठोकून एकबारी केलेली. तिचं काडतूस म्हणजे गळा न आवळलेलं .३०३. नेहमीचं ४१० छर्ऱ्याचं काडतूस त्यात नीट बसत नाही. अमेरिकेत गेलेल्या बऱ्याच मस्केटांचं चेंबर म्हणून वाढवलं. अशी बंदूक हातात आली तर नावावर भरवसा न ठेवता आधी चेंबरचं माप घ्यायचं.

कोकणातला_वकील:
हे वाचून गावाकडच्या कुणाला आजोबांची ठासणीची किंवा एकनळी आठवली असेल, तर थांबा. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीत बदल करणं, दुरुस्ती करणं, चाचणी घेणं यालाही परवाना लागतो, आणि तो तुमच्या पीकसंरक्षणाच्या परवान्याहून वेगळा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका प्रकारचं शस्त्र बेकायदा दुसऱ्या प्रकारात बदललं तर किमान ७ वर्षं. गावातला लोहार कितीही हुशार असो.

यारातीरी:
सगळ्यांचे आभार. .२२२ बाद, .३२-२० बाद. आधी ब्लॉक आणि पिन मोजायला देतो. झीज निघाली तर नळी बदलणार नाही, संग्रहवेडा जिंकले. नाहीतर .३५७, बुशसकट. नोंदणीतलं कॅलिबर कधी आणि कसं बदलायचं, तेही कामाआधी विचारून घेतो.

संग्रहवेडा:
जिंकलो वगैरे काही नाही. मूळ नळी विकू नका, तेल लावून, गुंडाळून बंदुकीबरोबरच ठेवा. आणि दस्त्यावरचा नंबर घासून पॉलिश करू नका, ही कळकळीची विनंती.

ससेमारू:
मी अजूनही .२२२ वरच ठाम आहे.