फोनची घंटा वाजली की ब्रॉडबँड तुटते. दोष घरातील पॅरलल वायरिंगचा असेल का?

प्रश्न (कोरेगावकर)

आमच्या गल्लीत अद्याप फायबर आलेले नाही, त्यामुळे तांब्याच्या टेलिफोन लाइनवरच ब्रॉडबँड घेतले आहे. दिवाणखान्यात दाराशेजारी रोझेट (बाहेरची टेलिफोन लाइन जेथे येऊन जोडली जाते ती भिंतीवरची डबी) आहे. तेथून एक वायर स्प्लिटरमार्गे मोडेमला आणि खालच्या फोनला जाते. दुसरी, वडिलांनी पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पॅरलल फोनसाठी ओढून घेतलेली, माडीवर आणि तेथून पुढे स्वयंपाकघरात जाते. माडीवरचा फोन आई रोज वापरते, स्वयंपाकघरातला कधीच काढून टाकला आहे.

गेले दोन महिने दिवसातून सात-आठ वेळा मोडेमवरील डीएसएलचा (टेलिफोन लाइनवरील ब्रॉडबँड जोडणीचा) दिवा लुकलुकू लागतो आणि जोडणी परत यायला दोन-तीन मिनिटे जातात. कोणाचा फोन आला, की पहिल्या-दुसऱ्या घंटेलाच हे हमखास घडते. मोडेम बदलला, स्प्लिटर नवा आणला, तरी फरक नाही. लाइनमननेही बाहेरची लाइन तपासून ती ठीक असल्याचे सांगितले. मुलीचे वर्ग याच जोडणीवर चालतात, म्हणून विचारतो: दोष नेमका कोठे शोधावा?

उत्तर (तारजोड)

आपण दिलेल्या वर्णनातच उत्तर दडलेले आहे, असे मला वाटते. बोलण्याचा आवाज लाइनवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ या पट्ट्यात असतो, तर ब्रॉडबँडचा संदेश त्याच दोन तारांवरून सुमारे २५ किलोहर्ट्झच्या वर धावतो. हे दोन पट्टे वेगळे ठेवणे हे स्प्लिटरचे काम. पण तो फक्त स्वतःच्या मागे जोडलेल्या फोनसाठीच ते करू शकतो. आपली माडीवरची वायर रोझेटमधूनच, म्हणजे स्प्लिटरच्या आधीच फुटते, त्यामुळे तो फोन थेट लाइनवर आहे. एरवी लाइनवर ४८ व्होल्टचा एकदिश दाब असतो, घंटेच्या वेळी त्यावर सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब येतो, आणि त्या क्षणी फिल्टर नसलेल्या फोनमुळे मोडेमला ऐकू येणारा गोंगाट एकदम वाढतो. नवा स्प्लिटर आणूनही उपयोग झाला नाही, तो याचमुळे.

आता एकच चाचणी करा. रोझेट उघडून घरात जाणाऱ्या सर्व वायरी सोडवा, बाहेरून आलेल्या जोडीला केवळ मोडेम लावा आणि एक दिवस तसेच राहू द्या. त्याआधी व नंतर मोडेमच्या सेटिंगच्या पानावरील एसएनआर मार्जिन (गोंगाट वाढला तरी जोडणी टिकावी म्हणून हाती उरलेली शिल्लक) लिहून ठेवा. ६ डेसिबलच्या खाली ते वारंवार जात असेल तर जोडणी टिकणे कठीण. काम करताना उघड्या तारांना बोट लावू नका, कारण त्याच वेळी फोन आला तर चांगलाच झटका बसतो. आभाळ गडगडत असेल तर रोझेट उघडूच नका.

उत्तर (माळवाडी)

वरील निदान पटते, परंतु केवळ माडीवरचा फोन काढून भागणार नाही. स्वयंपाकघरात गेलेली, टोकाला काहीही नसलेली वायर तितकीच त्रासदायक असते, कारण संदेश तिच्या मोकळ्या टोकापर्यंत जाऊन परततो आणि ठरावीक वारंवारतेवर मूळ संदेशालाच खोडतो. असा फाटा २५ मीटरचा असेल तर हा खड्डा सुमारे २ मेगाहर्ट्झपाशी पडतो आणि एडीएसएल टू प्लस या तांब्याच्या लाइनवरील ब्रॉडबँड प्रकाराचा पट्टा २.२ मेगाहर्ट्झपर्यंत जातो, म्हणजे नुकसान थेट वेगाचे. शिवाय त्या काळी घरोघरी पीळ नसलेली चपटी वायर वापरत, ती ॲंटेनासारखी वागते. मध्यम लहरींवरील रेडिओ केंद्रे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झ या पट्ट्यात असल्याने रात्री दूरची केंद्रेही तिच्यात शिरतात. आपली वायर विजेच्या वायरींसोबत एकाच केसिंगमधून गेली आहे का, हेही अवश्य पाहा.

प्रश्नकर्त्याचा खुलासा (कोरेगावकर)

दोघांचेही मनापासून आभार. सर्व फाटे सोडवल्यावर मार्जिन ४ वरून ११ डेसिबलवर गेले आणि दिवसभरात जोडणी एकदाही तुटली नाही. मग वायरचा माग काढत गेलो, तेव्हा जिन्याखालच्या कपाटामागे जोड सापडला: तारा नुसत्या पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेली, तिचा डिंक पाघळलेला आणि आत तांब्यावर हिरवा गंज चढलेला. दोष दोन महिन्यांपूर्वीच का बळावला हे मला तेव्हा उमगले, कारण पावसाळ्यात त्याच भिंतीला ओल आली होती.

स्वयंपाकघराची वायर संपूर्ण काढून टाकली आहे. आईचा फोन मात्र हवाच होता, म्हणून स्प्लिटर रोझेटला सर्वांत आधी लावला आणि त्याच्या फोनच्या खाचेतून दोन्ही फोनना नव्या पिळाच्या वायरीने जोड दिला. पाच दिवस झाले. मावशीचा फोन रोज संध्याकाळी येतो, घंटा पूर्ण वाजते आणि मुलीचा वर्ग सुरूच राहतो.

उत्तर (तारजोड)

हे उत्तम झाले. रोझेटमधील स्क्रूही एकदा घट्ट करून घ्या आणि पुढच्या पावसाळ्यात मार्जिन पुन्हा पाहा. ते तेव्हा उतरले तर आता बाहेरच्या डीपी बॉक्समधील (जेथून घरोघरी लाइनी फुटतात त्या पेटीतील) जोड तपासायला सांगता येईल, कारण घरातला फाटा उरलेला नाही.