डिश लावली की विषय संपला? माझ्या अनुभवात तिथे तो सुरू होतो

कातळवाट :
परवा इथे एकाने लिहिलं, 'आता इंटरनेट थेट आकाशातून, उपग्रहावरून मिळतं. दुर्गम वस्तीत डिश लावा, विषय संपला. मनोरे, गावसमित्या, वायफायच्या लिंका हे सगळं भंगारात काढा.' खाली सहमतीची रांग लागली होती. दोन दिवस गप्प बसून पाहिलं, जमलं नाही.

डोंगरावरच्या एका वस्तीत शाळेसाठी लांब पल्ल्याच्या वायफायची लिंक बसवली होती. खालच्या गावातून वरपर्यंत दोन टप्पे, मधल्या सुळक्यावर सौर पॅनल, बॅटरी आणि सिग्नल पुढे पाठवणारा रेडिओ. चौदा महिने उत्तम चाललं, मग बंद पडलं. तीन महिन्यांनी मी वर गेलो. पेटीला कुलूप, आणि किल्ली प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेच्या शहरातल्या कपाटात. कुलूप तोडलं. आत एक फ्यूज उडाला होता, बाकी सगळं शाबूत. दाराच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीने दोन जादा फ्यूज लावून ठेवलेले होते. बसवणाऱ्याने विचार केला होता. पण वस्तीत कुणाला ते ठाऊकच नव्हतं, कारण ते दार उघडलेलं कुणी पाहिलंच नव्हतं.

अशा ठिकाणी डिश लावून नेमकं काय बदललं असतं? फ्यूज तिलाही लागतो. किल्ली तेव्हाही शहरातच राहिली असती.

'विषय संपला' हे आधीही ऐकलंय. गूगलच्या मूळ कंपनीचे आकाशातून इंटरनेट देणारे लून फुगे २०२० च्या जुलैत केनियात सेवा देऊ लागले आणि २०२१ च्या जानेवारीत प्रकल्प गुंडाळल्याची घोषणा झाली. फेसबुकचं त्याच कामासाठीचं, सौरऊर्जेवरचं अक्विला विमान २०१८ मध्येच बंद झालं. उलट नेपाळात महाबीर पुन यांनी नांगी गावापर्यंत लिंक नेली ती सुरुवातीला झाडांवर अँटेना बांधून. स्पेनमधल्या कातालोनियातलं गुईफी हे लोकांनीच उभारलेलं जाळं २००४ मध्ये सुरू झालं, त्यात आज हजारो नोड, म्हणजे जोडबिंदू आहेत. टिकलं ते तिथल्या माणसांच्या हाताखाली होतं म्हणून. एवढंच म्हणायचं आहे, पण ते मी सोडणार नाही.

दीपस्तंभ :
फ्यूजची गोष्ट पटली. निष्कर्ष पटला नाही.

मी एका बेटावरच्या आरोग्य केंद्रात परिचारिका होते. आमच्याकडे 'तिथल्या माणसांच्या हाताखालचं' जाळं उभं राहणार होतं. समिती झाली, बैठका झाल्या. अँटेना कुणाच्या छपरावर बसवायची यावरून दोन घरं एकमेकांशी बोलायची बंद झाली. तीन वर्षं गेली. त्या तीन वर्षांत मी हातातला एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरून फोनवर डॉक्टरांना तोंडी वर्णन करत होते, 'डाव्या बाजूला खाली पांढरट दिसतंय' असं. फोनही फक्त धक्क्याच्या टोकाशी लागायचा. मग एक दिवस खोक्यातून डिश आली, दुपारी लावली, संध्याकाळी फोटो गेला.

आणि जुन्या उपग्रहांशी तुलना करू नका. ते ३५,७८६ किमी वर. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत अर्धा सेकंद नुसता प्रवासात जायचा. आताचे साधारण ५५० किमी वर आहेत, बोलताना फरक कळत नाही. २०२२ च्या जानेवारीत टोंगाजवळ ज्वालामुखीचा उद्रेक होऊन समुद्राखालची केबल तुटली, तेव्हा गावसमितीने काय केलं असतं? बाहेर जायची वाटच तुटली की आतलं जाळं काय कामाचं?

अँपिअर :
दोघंही मुद्द्याच्या बाजूने चालला आहात. विजेचं बोला.

डिशला साधारण ७५ वॅट धरा. चोवीस तासांचे १.८ युनिट. तीन दिवस आभाळ झाकलेलं राहणार म्हणून ५.४ युनिट साठा हवा. लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नाही, म्हणजे जवळपास ११ युनिट साठवणारा बॅटऱ्यांचा संच. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरच्या सहा बॅटऱ्या! त्या चढावर कोण नेणार? बाहेर लावायचा वायफाय रेडिओ ८ वॅटचा असला तर त्याच हिशेबाने १०० अँपिअर-अवरची एक बॅटरी पुरते.

दीपस्तंभ :
रात्री बंद ठेवा. दिवसाला आठ तास चालवली तर दोन बॅटऱ्यांत भागतं.

अँपिअर :
तुम्ही परिचारिका होतात ना? बाळंतपणं काय कचेरीच्या वेळेत होतात?

दीपस्तंभ :
नाही होत. त्या रात्री स्विच चालू करायला मी तिथे होते. बंद ठेवणं म्हणजे उपटून टाकणं नव्हे. मला बाळंतपण शिकवू नका.

अँपिअर :
बरं, हे मान्य. हाताशी माणूस असेल तर रात्रीचा राखीव साठा ठेवून जमेल.

पण खरं दुखणं वेगळंच आहे. मी अकरा वर्षं अशा जागी बॅटऱ्या बदलतोय. पाच वर्षं चालायची ती दीड वर्षात मरते, आणि दर वेळी कारण एकच. कुणीतरी चार्ज कंट्रोलरला बगल देऊन थेट बॅटरीच्या टोकांवर वायर लावलेली असते. मोबाईल चार्जिंग, दिवा, एका ठिकाणी तर टीव्ही. कंट्रोलर व्होल्टेज पडल्यावर लोड, म्हणजे जोडलेली उपकरणं, तोडतो, तो बॅटरी वाचवायलाच. त्याला वळसा घातला की बॅटरी तळाला जाते, प्लेटांवर सल्फेट बसतं, खेळ खलास. लोकांना कितीही सांगा. फुकट मिळालेल्या वस्तूची किंमत नसते.

चढण :
हे वाक्य वाचून हात थरथरले, म्हणून उशिरा लिहितेय.

अशी एक वायर मी लावली होती. आमच्या वस्तीत, शाळेच्या बॅटरीवर. फोन चार्ज करायला आम्ही दोन तास चालत जायचो. आठवड्यातून एकदा एक जण सगळ्या घरांचे फोन पिशवीत घालून न्यायचा, त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावून. मग तुमच्यासारखी माणसं आली आणि 'आता तुम्ही जगाशी जोडले गेलात' असं सांगून गेली. कशाने जोडलो? बंद फोनने? वायफाय हवेत होतं आणि हातातला फोन मेलेला होता. तीन पॅनल, त्यांच्या बॅटऱ्या, आणि एक चार्जिंगचं भोक ठेवायचं कुणाला सुचलं नाही.

बॅटरी मेली, हे खरं. माझ्या वायरने मेली, हेही खरं. पण मला फुकट्या म्हणायचं नाही.

अँपिअर :
मी कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण कंट्रोलरवर लाल दिवा लागतो, तो काय शोभेला असतो का? न समजणाऱ्या वस्तूत हात घालायचा आणि...

चढण :
समजावलं कुणी होतं? लाल दिवा लागला की 'झोपली' म्हणायचं आणि वाट बघायची, हे आमचं आम्ही शोधलं. तुमची पुस्तिका आमच्या भाषेत नव्हतीच.

कातळवाट :
अँपिअर, जरा थांबा. दक्षिण आफ्रिकेत मांकोसीला झेंझेलेनी म्हणून गावाची सहकारी संस्था आहे. तिथे सौर पॅनलवर फोन चार्ज करून देणं हीच जाळ्याची सुरुवातीची कमाई होती. ज्या वायरीला तुम्ही चोरी म्हणताय, ती तिथे आराखड्यातच होती.

अँपिअर :
चोरी हा शब्द मी वापरलेला नाही. बाकी, लोड आधीच मोजून धरला असेल तर बॅटरी मरणार नाही, हे उघड आहे. वेगळं सॉकेट, आणि बॅटरी उतरली की ते आपोआप बंद करणारा वेगळा कटऑफ. मी असं बसवत नव्हतो. कारण मला दिलेल्या कागदावर 'लोड : राउटर, रेडिओ' एवढंच लिहिलेलं असायचं आणि मी कागदाबाहेर गेलो नाही. चढण, तुमच्या बाबतीत मी चुकलो. टीव्हीवाल्याबद्दल माझं मत तेच आहे.

साधा_फोन :
बॅटरीवर एवढं चाललंय, पण लिंक चालू असताना काय उघडतं तेही बघा. साधा अर्ज भरायचं पान इतकं जड की कमकुवत लिंकवर अर्ध्यात तुटतं आणि पुन्हा पहिल्यापासून. माझ्या आईचा अर्ज असा चार वेळा बुडाला. पानं बनवणाऱ्यांना आधी डोंगरावर बसवा.

अँपिअर :
तो वेगळा धागा काढा. इथे बॅटरी चालू आहे.

नवशिका_तारतंत्री :
लेड-अॅसिडच कशाला? लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, ८० टक्क्यांपर्यंत बिनधास्त उतरवा, पाणीही घालायला नको.

अँपिअर :
घ्या की. फक्त शून्य अंशाखाली चार्ज करू नका, नाहीतर कायमची जाईल. उंचावरच्या वस्तीत पहाटे काय तापमान असतं ते आधी बघा. शिवाय आतलं बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, बिघडलं तर जवळच्या बाजारात दुरुस्त करणारा मिळत नाही. लेड-अॅसिड कुठलाही ट्रॅक्टरवाला ओळखतो.

आणि ग्रिडची वीज आली की सुटलो, असंही नाही. तमिळनाडूत थेनीच्या बाजूला नेत्ररुग्णालयाच्या केंद्रांना लांब पल्ल्याच्या वायफायने जोडलं होतं, अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या लोकांबरोबर. २००८ च्या त्यांच्या निबंधात स्पष्ट आहे की उपकरणं वीज गेल्याने फारशी मरत नाहीत, वाईट वीज आल्याने मरतात. झटके, चढउतार. अॅडॉप्टर जळतो, मेमरी कार्ड खराब होतं, आणि सगळे म्हणतात 'नेट गेलं'.

दीपस्तंभ :
कातळवाट, एक तुम्ही गाळलंत. मेक्सिकोत ओआहाका राज्यातल्या तालेआ दे कास्त्रो गावाने २०१३ मध्ये स्वतःचं मोबाईल जाळं उभारलं, जगभर कौतुक झालं. पुढे मोठी कंपनी आली आणि लोक तिकडे वळले. लोकांना मालकी नको असते, चालणारा फोन हवा असतो.

कातळवाट :
खरं आहे. तालेआचं मला माहीत होतं आणि मी ते मुद्दाम लिहिलं नाही. ते चुकलं. पण हेही बघा की त्याआधी कंपन्यांना ते गाव परवडत नव्हतं, आणि त्याच भागातल्या गावांच्या संस्थेला २०१६ मध्ये स्वतःच्या नावाने परवाना मिळाला.

टोंगाचा मुद्दाही मानतो. बाहेर जायची वाट उपग्रहाची असली तर माझी हरकत नाही. एक डिश, तिथून पुढे घराघरांत वायफाय, असं व्हावं. पण 'भंगारात काढा' हे मी मागे घ्यायला लावणारच. तुमची डिश तुम्ही होतात म्हणून चालली. तुम्ही बेट सोडल्यावर?

दीपस्तंभ :
आठ महिने चालली. मग वर्गणी भरायचं कार्ड ज्याच्या नावावर होतं त्याची बदली झाली.

कातळवाट :
म्हणजे किल्ली शहरातच.

दीपस्तंभ :
हो. लिहिताना मलाही तेच दिसलं. तरी ते आठ महिने मी कुणाच्या बैठकीसाठी सोडले नसते.

चढण :
आमच्याकडे आता दुसरी बॅटरी आहे. पेटीची किल्ली माझ्याकडे आणि शेजारच्या घरी, अशी दोन ठिकाणी. रोज सकाळी ऊन पडण्याआधी मीटर लावून आकडा भिंतीवर खडूने लिहिते. आज १२.२ व्होल्ट होता, काल १२.४. चार दिवस ढग आहेत. अँपिअर, फोनांचं चार्जिंग आज बंद ठेवू का?

अँपिअर :
हो, आज ठेवा. लोड काढून तासभराने परत मोजा आणि तो आकडा इथे टाका. पाण्याची बॅटरी असेल तर प्रत्येक कप्प्यातली पातळीही बघा, फक्त डिस्टिल्ड घाला. उद्या सकाळी १२.१ च्या खाली दिसलं तर रेडिओही रात्री बंद करायला लागेल, पण आधी आकडा कळवा.