भारत-सीरिया : रुपयात किती आणे? (अनुभव धागा)

धागाकर्ता : मंगळवारी, २३ जानेवारी २०२४ ला संध्याकाळी पाचला आपली सीरियाशी मॅच आहे. कतारमधल्या फुटबॉलच्या आशियाई चषकातली, गटातली शेवटची. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३. खात्यात गुण शून्य, गोल शून्य, खाल्लेले पाच. तरीही आपण अजून बाहेर पडलेलो नाही, आणि खरं दुखणं हेच आहे. एकदाचे बाहेर पडलो असतो तर निवांत आपल्या कोल्हापूरच्या केएसए फुटबॉल लीगवर बोलत बसलो असतो.

कोल्हापुरात वर्ल्ड कप आला की चौकाचौकांत मेस्सी-नेमारचे कटआउट उभे राहतात. पेठेपेठेची मॅच असली की शाहू स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नसते. भारताची मॅच मात्र आपण घरच्या घरी, मोबाइलवर, जवळपास चोरून बघतो. बघणारे आहेत हे मला माहीत आहे, फक्त एकमेकांना सांगत नाहीत. म्हणून हा धागा काढला. मॅच कुठे बघितली, कुणाबरोबर, काय दिसलं ते लिहा, आणि शेवटी सांगा : पुढच्या फेरीची आशा रुपयात किती आणे?

एकच अट. आण्यांबरोबर कारण पाहिजे. नुसतं "जिंकतोय भावा, नाद खुळा" लिहिलं तर ते शून्य आणे धरले जातील.

माझे तीन आणे. ऑस्ट्रेलियाला पहिला हाफ आपण ०-० रोखलं होतं. एवढ्या बचावाच्या जोरावर सीरियाशी बरोबरी होईल. पण आपल्याला बरोबरी नकोय, जिंकायचंय.

हिशेबी माणूस, राजारामपुरी

आधी गणित मांडतो, म्हणजे पुढे वाद नको. २४ संघ, सहा गट. प्रत्येक गटातले पहिले दोन थेट पुढे, आणि सहा तिसऱ्यांमधले सरस चार. आपल्या गटात ऑस्ट्रेलिया ६, उझबेकिस्तान ४, सीरिया १, आपण ०. सीरियाला हरवलं की तीन गुणांनी आपण तिसरे. पुढचं इतर गटांवर. गोलफरक उणे पाच असल्याने १-० पेक्षा २-० झालं तर बरं.

आणि ध्यानात घ्या, सीरियानेही दोन सामन्यांत एकही गोल मारलेला नाही. उझबेकिस्तानशी ०-०, ऑस्ट्रेलियाकडून ०-१. फिफा क्रमवारीत ते ९१, आपण १०२. डोंगर नाही, टेकाड आहे. पाच आणे.

जुना हाफबॅक, शिवाजी पेठ

माझं वय आता सत्तरीकडे. तालमीच्या फुटबॉल संघाकडून खेळलोय, गुडघे त्याची साक्ष देतात. ऑस्ट्रेलियाची मॅच नातवाच्या मोबाइलवर बघितली. पोरांनी मन लावून बचाव केला, त्यात खोट काढणार नाही. पण पन्नासाव्या मिनिटाला क्रॉस आला, आपल्या गोलकीपरने, गुरप्रीतने, बॉल अर्धवट पंच केला आणि तो थेट ऑस्ट्रेलियाच्या अर्विनच्या पुढ्यात पडला. गोल. गोलकीपरने बाहेर यायचं तर बॉल बाजूला लांब घालवायचा, न्हाईतर लाइन सोडायची न्हाई. हे आम्हाला गांधी मैदानावर शिकवलं होतं, बूट नसताना.

त्याआधी आपल्या कर्णधाराचं, छेत्रीचं हेडर बाहेर गेलं. पोरगा एकोणचाळीस वर्षांचा आहे. (माझ्या लेखी पोरगाच.) त्यानं देशासाठी नव्वदच्या वर गोल मारलेत, आणि अजूनही बॉल कुणाच्या डोक्यावर टाकायचा तर त्याच्याच. त्याच्यामागं कोण, हे दहा वर्षं कुणी बघितलंच नाही.

१९६४ च्या आशियाई चषकात आपण उपविजेते होतो असं पोरांना सांगितलं की हसतात. तेव्हा स्पर्धेत चारच संघ होते, हेही सांगतो मी. पण होतो. दोन आणे.

मुलीची आई, मंगळवार पेठ

माझी मुलगी शाळेच्या संघात खेळते. ऑस्ट्रेलियाची मॅच शनिवारी होती, संक्रांत दोन दिवसांवर, मी तिळगुळाचा पाक बघतेय आणि ही ओट्यावर फोन टेकवून बसलेली. मध्येच ओरडली, "आई, रेफ्री बाई आहे!" जपानच्या योशिमी यामाशिता. पुरुषांच्या आशियाई चषकात सामना चालवणाऱ्या त्या पहिल्याच महिला पंच, हे नंतर समालोचकाकडून कळलं. मॅचभर मुलगी बॉलपेक्षा त्यांच्याकडेच बघत होती. कार्ड कुठल्या खिशात ठेवतात, पळताना शिट्टी कुठल्या हातात असते.

हरल्यावर तिला रडू येईल वाटलं होतं. ती म्हणाली, "आपल्याला फास्ट पासच देता येत नाही गं." एवढंच. मी आशा-बिशा जाणत नाही, तिने चार आणे सांगितलेत.

चहावाल्या टीव्हीचा भक्त, मिरजकर तिकटी

बुधवारी रात्री बेंगळुरूत अफगाणिस्तानबरोबर ट्वेंटी-२० होती. आठवतंय का? एक सुपर ओव्हर टाय, मग दुसरी सुपर ओव्हर, रोहितचे १२१. आमच्या टपरीवर मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी. गुरुवारी रात्री आठला उझबेकिस्तान. त्याच टीव्हीवर, त्याच मालकाला म्हटलं, "फुटबॉल लावा की." लावला बिचाऱ्यानं. चौथ्या मिनिटाला गोल. अठराव्या मिनिटाला दुसरा. मालक मला काही बोलला नाही, त्यानं गुपचूप कालच्या क्रिकेटच्या हायलाइट्स लावल्या. मी एकटाच विरोध करणार होतो, पण चहाचे पैसे उधार होते.

तिसरा गोल हाफटाइमच्या तोंडावर झाला तो घरी जाऊन बघितला. एक आणा. तोही मॅच पाचला आहे आणि तेव्हा टपरीवर गर्दी नसते म्हणून.

धागाकर्ता : कारणात बसत नाही, पण आणा मंजूर.

उझबेक प्रेमी, कसबा बावडा

शिव्या घालण्याआधी समोर कोण होतं ते बघा. चौथ्या मिनिटाचा गोल फैझुल्लाएवचा. हा पोरगा २०२३ च्या वीस वर्षांखालील आशियाई चषकात स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू होता, आणि तो चषक उझबेकिस्ताननेच जिंकला. आज तो मॉस्कोत खेळतो. म्हणजे त्यांच्याकडे धाकट्या संघात चमकलेलं पोर वर्षाच्या आत मोठ्या संघात आपल्याला गोल मारतंय.

आता आपलं बघा. २०१७ ला सतरा वर्षांखालील वर्ल्ड कप आपल्या देशात झाला. कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्यात खेळला, अख्खं गाव टीव्हीसमोर होतं. कोलंबियाविरुद्ध जिक्सन सिंगने गोल मारला, फिफाच्या वर्ल्ड कपमधला भारताचा पहिला. त्या बॅचमधले आज किती जण मोठ्या संघात पक्के आहेत? जिक्सन आहे, तर तो जखमी. अन्वर अलीही जखमी, आशिकही. साहल अजून सावरतोय. अर्धी फळी दवाखान्यात आणि शिबिर जेमतेम दोन आठवड्यांचं. दोन आणे, दयेपोटी.

२०१९ विसरू न शकणारा, फुलेवाडी

मी सविस्तर लिहिणार, कंटाळा आला तर पुढे जा.

२०१९ चा आशियाई चषक यूएईत होता. पहिल्याच मॅचला आपण थायलंडला ४-१ हाणलं. छेत्रीचे दोन, थापाचा एक, जेजेचा एक. आम्ही मित्र एकाच्या गच्चीवर होतो, त्या रात्री रंकाळ्यापर्यंत गाड्या काढल्या, हॉर्न वाजवत. लोक विचारत होते काय झालं, कुठली निवडणूक. मग यूएईकडून ०-२. चालतंय म्हटलं. शेवटची बहारीनशी, आणि तिथं नुसती बरोबरी पुरे होती.

ती मॅच मी उभं राहून बघितली. नव्वद मिनिटं ०-०. गुरप्रीत एकामागून एक अडवतोय, आमचे पाय थरथरतायत. एक्क्याण्णवाव्या मिनिटाला आपल्याच बॉक्समध्ये फाउल, पेनल्टी, गोल. तिकडं थायलंड-यूएई १-१. आपण गटात दुसऱ्यावरून थेट चौथे. प्रशिक्षक कॉन्स्टंटाइनने तिथंच राजीनामा दिला. आम्ही गच्चीवरून खाली उतरलो तेव्हा कुणी कुणाशी बोललं नाही, एकानं फक्त "पुढच्या वेळी" म्हटलं.

ही ती पुढची वेळ. मला पराभवाचं एवढं वाटत नाही. तेव्हा आपण गोल मारत होतो आणि शेवटी गडबडलो. आता गोलच मारत नाही. हा फरक मला जास्त टोचतो. अर्धा आणा, आणि मॅच मात्र उभं राहूनच बघणार.

अर्जेंटिनावाला, उत्तरेश्वर पेठ

माझी अडचण वेगळीच आहे. सीरियाचा प्रशिक्षक हेक्टर कूपर, अर्जेंटिनाचा. व्हॅलेन्सियाला दोनदा चॅम्पियन्स लीगच्या फायनलला नेलेला माणूस. बचाव कसा बांधायचा हे त्याला झोपेत विचारा. त्यामुळे ०-० लिहून ठेवा.

ब्राझीलवाला, गंगावेश

अर्जेंटिनावाल्यांनी रडू नये. आपला प्रशिक्षक स्टिमाच क्रोएशियाचा, आणि २०२२ ला ब्राझीलला टायब्रेकरवर कुणी घालवलं ते मी विसरलेलो नाही. तरी मी भारताकडूनच आहे. याला म्हणतात मोठं मन. आठ आणे.

धागाकर्ता : कारण कुठंय?

ब्राझीलवाला : मोठं मन.

पोरांना शिकवणारा, जुना बुधवार

सगळे "गोल नाही, गोल नाही" म्हणताय, तर कारण ऐका. आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, मैदानावर एकावेळी चार परदेशी चालतात. क्लब त्यातला एक कुठं उतरवणार? मधल्या स्ट्रायकरच्या जागी. त्यामुळे आपला जो पोरगा गोल मारू शकला असता तो कडेला जातो. छांगटे विंगला, मनवीर विंगला. कडेनं पळा, क्रॉस टाका, गोल परदेशी मारणार. मग निळा शर्ट घातल्यावर एका रात्रीत बॉक्समध्ये पाठीशी सेंटरबॅक घेऊन वळायला कसं येणार? ती सवय वर्षानुवर्षांची असते. शनिवारी छेत्री एकटा वर, आणि बॉल आला की आसपास दुसरा निळा शर्ट नाही.

पण दिल्ली-मुंबईला नावं ठेवण्याआधी आपल्याकडं बघा. आपल्या तालमींनीही बाहेरचे, अगदी आफ्रिकेतले फॉरवर्ड आणले की नाही? पेठेतला पोरगा बेंचवर आणि बाहेरच्यानं गोल मारला की त्याच पेठेत फटाके. माझ्याकडं येणाऱ्या पोरांना विचारलं, काय व्हायचंय, तर विंगर. नऊ नंबर, म्हणजे मधला स्ट्रायकर, कुणालाच नको. त्यांना ठाऊक आहे ती जागा त्यांची नाही. दोन आणे.

मंडळाचा कार्यकर्ता

सरांना मान आहे, पण एकदा त्यांनी मंडळाचा खर्च सांभाळून दाखवावा. वर्गणी गोळा करायची आम्ही, आणि पारंपरिक प्रतिस्पर्ध्याकडून हरल्यावर चौकात तोंड दाखवायचं आम्ही. निकाल पाहिजे तर तयार माणूस लागतो. बाहेरच्याबरोबर खेळून आपली पोरं सुधारलीत हेही सांगा की. अंगानं धिप्पाड बॅक बघून घाबरत नाहीत आता.

पोरांना शिकवणारा : बॅक सुधारले, मान्य. म्हणूनच ऑस्ट्रेलियाशी अर्धा वेळ ०-० होतं. फॉरवर्डचं बोला.

दोह्यातला कोल्हापुरी

मी इथं नोकरीला आहे. दोन्ही मॅच अहमद बिन अली स्टेडियमला होत्या, मेट्रोची ग्रीन लाइन धरून अल रिफाला उतरायचं. ऑस्ट्रेलियाच्या मॅचला मेट्रोच्या डब्यात मल्याळम, बंगाली आणि माझी एकट्याची मराठी. स्टेडियम निळं होतं. खरं सांगतो, राष्ट्रगीताला अंगावर काटा आला. उझबेकिस्तानच्या वेळी ०-३ झाल्यावरही दुसऱ्या हाफमध्ये केरळची पोरं ढोल थांबवत नव्हती. शेजारचा उझबेक काका मला खजूर देत होता. सांत्वनाचे होते का विजयाचे, कळलं नाही, खाल्ले.

सीरियाची मॅच अल खोरला, अल बैतमध्ये. तिथं मेट्रो जात नाही, लुसैलहून बस. मंगळवारी इथल्या वेळेने दुपारी अडीचला, कामाचा दिवस. सुट्टी टाकलीय. सुट्टी टाकणारा माणूस चार आण्यांच्या खाली येऊ शकत नाही.

*(२३ जानेवारी, रात्री)*

२०१९ विसरू न शकणारा : ०-१. शहात्तराव्या मिनिटाला सीरियाचा खरिबिन. उभा होतो. बसलो.

जुना हाफबॅक : आपला बॅक झिंगन जखमी होऊन बाहेर गेला तेव्हाच नातवाला म्हटलं, आता मागं भोक पडणार. साहल उतरला तेव्हा जरा बॉल फिरला, बरं वाटलं. तीन मॅच, सहा गोल खाल्ले, एकही मारला नाही. आशियाई चषकात आपण याआधी कधी गोलाविना आलो होतो तर ते १९८४ ला. तेव्हा निदान इराणशी ०-० तरी केलं होतं.

दोह्यातला कोल्हापुरी : बसमध्ये परतताना सगळे झोपले होते, ढोलवालेसुद्धा. सीरियन लोक रस्त्यावर नाचत होते. ते पहिल्यांदाच बाद फेरीत जाणार म्हणे. त्यांचा राग येईना.

मुलीची आई : मुलगी म्हणतेय पुढच्या मॅच पण बघायच्या, तिला ताजिकिस्तान आवडलंय. पहिल्यांदाच आलेत आणि पुढं गेले.

*(२६ जानेवारी)*

हिशेबी माणूस : सगळ्या गटांचे सामने काल संपले, म्हणून हिशेब पुरा करतो. तिसऱ्यांमध्ये जॉर्डन, पॅलेस्टाइन आणि सीरिया प्रत्येकी चार गुण, इंडोनेशिया तीन. हे चौघे पुढं गेले. ओमान आणि चीन दोन-दोन गुणांवर घरी. इंडोनेशियाचा गोलफरक उणे तीन होता, तरी गेले. म्हणजे सीरियाला आपण कसंही, अगदी १-० ने जरी हरवलं असतं, तरी आपण गेलो असतो. माझे पाच आणे चुकीचे नव्हते.

चहावाल्या टीव्हीचा भक्त : हे सांगायची गरज होती का आता?

पोरांना शिकवणारा : होती. एक गोल. बाकी काही नको होतं.

ब्राझीलवाला : मार्चमध्ये अफगाणिस्तान आहे, वर्ल्ड कपची पात्रता. तिथंही आणे चालणार का?

धागाकर्ता : चालणार. कार्यकर्ते आणि सर, दोघांनी तोपर्यंत आपला वाद शाहू स्टेडियमच्या गेटवर मिटवावा, इथं जागा पुरणार नाही. आणि मिरजकर तिकटीवाल्यांनी चहाची उधारी आधी फेडावी, टीव्ही लागेल.