सही नसलेलं ॲप चालवलं म्हणजे काय गुन्हा केला काय?

खटपट्या

परवा मामेबहिणीचा फोन, दादा कॉम्प्युटरला व्हायरस लागलाय, लवकर ये. तिचं नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ लग्नपत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स असलं डिझाइनचं दुकान आहे आणि मागच्या वर्षी पैसे साठवून मॅक मिनी घेतलाय. गेलो तर व्हायरस वगैरे काही नाही. तिच्याकडे पंधरा वर्षांच्या पत्रिकांचा मजकूर पडलाय, सगळा युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधला, तो कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की ॥ श्री कुलस्वामिनी प्रसन्न ॥ च्या जागी चौकोन, पौंडाची चिन्हं आणि मध्येच एखादा टिंब. त्यासाठी तिला गिटहबवर (लोक आपला कोड ठेवतात ती साइट) एक छोटं कन्व्हर्टर सापडलं, कोणीतरी हौसेने लिहिलेलं, फुकट, कोड उघडा. डाउनलोड केलं, डबल क्लिक केलं आणि मॅकने सांगितलं की हे ॲप 'डॅमेज्ड' आहे, ट्रॅशमध्ये टाका. तिने टाकलं. परत डाउनलोड केलं, परत डॅमेज्ड, परत टाकलं. असं तीनदा करून मग मला फोन.

ॲप ठणठणीत होतं. फक्त त्याच्यावर डेव्हलपरची सही, म्हणजे कोणी बनवलंय ते सांगणारा डिजिटल शिक्का, नव्हती. मी आधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत जाऊन खाली 'ओपन एनीवे' बटण शोधलं, या डॅमेज्डवाल्या केसमध्ये ते आलंच नाही. शेवटी टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून, नेटवरून आलेल्या फाइलवर मॅक लावतो ती क्वारंटाइनची खूणच पुसली, एक ओळ, बास. पुढच्या सेकंदाला ॲप चालू आणि एका पत्रिकेचा अख्खा मजकूर सरळ मराठीत.

माझा राग बघा कशावर आहे. चेक करू नका असं मी म्हणत नाही. पण 'हे कोणी बनवलंय ते मला माहीत नाही' असं सांगा ना, चांगल्या फाइलला बिघडलेली का म्हणता? आणि दरवेळी पट्टी थोडी आणखी आवळतात. २०१२ ला गेटकीपर, म्हणजे अनोळखी ॲप्स अडवणारा मॅकचा पहारेकरी, आणलं तेव्हा 'कुठूनही आलेलं चालेल' असा सरळ पर्याय सेटिंग्जमध्ये होता, २०१६ ला तो दिसेनासा झाला, २०१९ पासून नुसती सही पण पुरेना, ॲपलकडे पाठवून नोटराइज (तपासून शिक्का) करून आणा म्हणाले, आणि २०२४ च्या मॅकच्या सिकोया आवृत्तीमध्ये राइट क्लिक करून ओपन करायची पळवाट पण काढून टाकली. मशीन तिचं, पैसे तिचे, आणि परवानगी कोणाची?

सर्व्हररूम

असहमत. आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये.

अंबडला एका कारखान्याचं आयटी मी बघतो. तिथल्या अकाउंटवाल्याला पीडीएफ एडिट करायची होती, कुठल्यातरी ग्रुपवर क्रॅकची, म्हणजे फुकट चालावं म्हणून फोडलेल्या आवृत्तीची, लिंक मिळाली, डाउनलोड केलं. विंडोजने निळी पट्टी दाखवली की हे ॲप ओळखीचं नाही, याने 'मोअर इन्फो' दाबलं, मग 'रन एनीवे'. शनिवारी संध्याकाळी. सोमवारी सकाळी मी गेलो तर प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणी मागणारी एक टेक्स्ट फाइल आणि टॅलीच्या डेटासकट सगळ्या फाइली लॉक, नावांना भलतंच शेपूट. बॅकअपची हार्ड डिस्क त्याच मशीनला लावून ठेवलेली, त्यामुळे तीही गेली. दोन आठवडे हाताने चलन फाडलीत लोकांनी. आणि तो माणूस काही येडा नव्हता, चांगला शिकलेला, 'मला कळतं काय दाबायचं ते' म्हणणाऱ्यांतला होता.

तुझ्या बहिणीने तीनदा ट्रॅशमध्ये टाकलं ना? मला विचारशील तर कुलूप बरोबर चाललं. ते कुलूप तुझ्यासाठी नाहीच आहे.

खटपट्या

क्रॅक आणि ओपन सोर्स तू एकाच टोपलीत टाकतोयस. क्रॅक म्हणजे चोरीचा माल, त्यात काय भरलंय कोणाला माहीत. इथे अख्खा कोड समोर आहे, कोणीही वाचावा.

सर्व्हररूम

तू वाचलास?

आणि वाचला असशील तरी जी तयार फाइल डाउनलोड केलीस ती त्याच कोडमधून बनलीय हे तुला कोणी सांगितलं? हँडब्रेक आठवतंय का, व्हिडिओ कन्व्हर्ट करायचं? चांगलं नावाजलेलं ओपन सोर्स. मे २०१७ मध्ये त्यांच्या दोन डाउनलोड सर्व्हरपैकी एक कोणीतरी फोडला आणि मॅकच्या फाइलच्या जागी ट्रोजन ठेवला, पासवर्ड चोरणारा. चार-पाच दिवस तसाच होता. ज्यांना तो सर्व्हर लागला ते गेले, ज्यांना दुसरा लागला ते वाचले. कोड उघडाच होता की तेव्हा पण. कॉम्प्युटरच्या जागेवरून बघ, क्रॅक काय आणि तुझं कन्व्हर्टर काय, दोन्ही अनोळखी माणसाने दारात ठेवलेली पिशवीच आहे.

नाशिकरोडकर काका

मी कॉम्प्युटरवाला नाही, मुलाने लिंक पाठवली म्हणून वाचतोय. माझी नोकरी आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये झाली त्यामुळे शिक्का, सही, खरा कागद या विषयावर थोडं बोलायचा हक्क आहे असं समजतो.

स्टँप पेपर खरा असला म्हणजे त्यावर लिहिलेला करार खरा असतो असं नाही. कागद फक्त सांगतो की मी सरकारी प्रेसमधून आलोय. नोटरीचंही तेच, सीबीएसला (बसस्टँडजवळ) कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेले असतात ते माणूस कोण ते बघतात आणि शिक्का मारतात, आतल्या जमिनीचा सातबारा कोणाच्या नावावर आहे ते शोधायला जात नाहीत. तुमच्या त्या सहीने 'कोणी' कळतं, 'काय' ते कळत नाही, असं मला वाचून वाटलं. चुकत असेन तर सांगा.

आणि दुसरं. तेलगीने जे केलं ते तरुण मंडळींनी सिरीजमध्ये बघितलं असेल, आम्ही ते जवळून ऐकलं. आमच्याच प्रेसमधून लिलावात निघालेली मशिनं त्याच्याकडे गेली. खऱ्या मशीनवर छापलेला खोटा स्टँप कसा ओळखणार? सगळा विश्वास शिक्क्यावर ठेवला की चोर शिक्काच उचलतो.

खटपट्या

काका, नमस्कार घ्या __/\__

हेच घडलंय हो मॅकवर. ट्रान्समिशन नावाचं टोरंट ॲप, मार्च २०१६. त्यांच्या अधिकृत साइटवरच्या २.९० मध्ये कोणीतरी केरेंजर नावाचं रॅन्समवेअर घुसवलं आणि त्याच्यावर सही होती, दुसऱ्याच कोणाच्या नावावरचं पण खरंखुरं सर्टिफिकेट. गेटकीपरने या या म्हणून आत घेतलं. तीन दिवस गप्प बसलं आणि मग फाइली लॉक करून एक बिटकॉइन मागितलं. २०२० मध्ये तर ॲपलने स्वतः जाहिराती घुसवणारं ॲडवेअर नोटराइज करून दिलं होतं, नंतर लक्षात आल्यावर रद्द केलं. आणि माझ्या बहिणीचं लग्नपत्रिकेचं ॲप मात्र डॅमेज्ड.

सर्व्हररूम

रद्द केलं, हेच तर. सही होती म्हणून ॲपलला एका बटणात जगभरच्या मॅकवर ते बंद करता आलं. केरेंजरचं सर्टिफिकेट पण तसंच रद्द केलं. सही नसलेल्या फाइलचं काय रद्द करणार? काकांच्या स्टँपलाही नंबर असतो म्हणून माग निघतो ना. शिक्का चोरीला जातो म्हणून शिक्केच बंद करा, हे कसं?

रिकामटेकडा

लिनक्स टाका, विषय मिटवा. चहा घ्या.

कोडकर

@रिकामटेकडा, भो मार्च २०२४ ला झोपला होतास का? एक्सझेड, लिनक्समध्ये फाइली आकसवायला वापरतात तो कोड. दोनेक वर्षं गोड बोलून मेंटेनर (तो कोड सांभाळणारा) बनलेल्या माणसाने त्या लायब्ररीत मागचं दार बसवलं आणि ते सापडलं कशामुळे, तर अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियरला एसएसएच, म्हणजे दूरच्या मशीनवरच्या, लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय ते टोचत होतं म्हणून. आणि त्यातली मेख अशी की गिटमधल्या कोडमध्ये ते पूर्ण नव्हतंच, रिलीजच्या तयार फाइलीत एक तुकडा जास्तीचा घातलेला. म्हणजे सर्व्हररूम जे विचारतोय, ही फाइल त्याच कोडमधून बनलीय कशावरून, तो प्रश्न लिनक्सवर पण सुटत नाही.

आता मूळ मुद्दा, दुसऱ्या बाजूने. मी नोकरी गंगापूर रोडला बसून एका पुण्याच्या कंपनीची करतो आणि रात्री एक बारकं ओपन सोर्स टूल सांभाळतो. मॅकची सही हवी तर ॲपलला वर्षाला ९९ डॉलर, म्हणजे आपले आठ हजारांच्या वर, आणि एकदाच नाही, दरवर्षी. विंडोजसाठी सर्टिफिकेट वेगळं घ्यायचं आणि जून २०२३ पासून त्याची किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवायची असा नियम झालाय, सीएंकडे डिजिटल सिग्नेचरचा पेनड्राइव्ह असतो ना, साधारण तसलं. गेल्या वर्षी मला डोनेशन किती आलं विचारा. दोघांनी मिळून चारशे रुपये. आणि त्यातला एक माझा मेव्हणा.

ते 'डॅमेज्ड' का दाखवतं तेही सांगतो. एम वन (ॲपलची स्वतःची चिप) पासूनच्या मॅकवर त्या चिपसाठी बनवलेला, काहीच सही नसलेला कोड चालतच नाही, निदान स्वतःची स्वतःला मारलेली बिननावाची सही तरी लागते, त्याला ॲडहॉक म्हणतात आणि तिला पैसे पडत नाहीत. कंपाइल करताना, म्हणजे कोडचं ॲप बनवताना, ती आपोआप बसते पण नंतर बंडलमध्ये (ॲपच्या फोल्डरमध्ये) एखादी फाइल टाकली किंवा बदलली की जुळत नाही. नेटवरून आलेल्या ॲपची अशी सही जुळली नाही की मॅक म्हणतो डॅमेज्ड. म्हणजे खटपट्या, मेसेज अगदीच खोटा नाही, पण त्यातून वापरणाऱ्याला काडीचा बोध होत नाही हे खरं. त्या डेव्हलपरला सांग शेवटी परत ॲडहॉक सही मार म्हणून, मग निदान ओपन एनीवेचं बटण तरी येईल. ते बटण पण ॲप उघडायचा प्रयत्न केल्यावर तासभरच राहतं, नंतर परत पहिल्यापासून.

शंकेखोर

सगळ्यांचं वाचलं. मला एवढंच कळलं नाही की सही आहे तर धोका आहे, नाही तर धोका आहे, कोड उघडा आहे तरी धोका आहे. मग त्या पत्रिकावाल्या ताईने नेमकं करायचं काय?

सर्व्हररूम

नाही माहीत त्याने नाही उघडायचं. साधं आहे.

खटपट्या

आणि पंधरा वर्षांचा मजकूर परत टाइप करायचा? तू येणार का टायपिंगला?

शिवाय सगळी किल्ली एकाच्या हातात असली की काय होतं ते १२ नोव्हेंबर २०२० ला बघितलंय. त्या दिवशी मॅकची बिग सर आवृत्ती आली, ॲपलचा सही तपासायचा सर्व्हर अडकला, आणि ज्यांनी अपडेट केलं पण नव्हतं त्यांचीही ॲप्स उघडेनात. कोणाचीही चूक नाही, पण काम बंद. आता अँड्रॉइडवर पण तेच येतंय, गुगलने २०२५ च्या ऑगस्टमध्ये जाहीर केलं की ओळख न पटवलेल्या डेव्हलपरचं ॲप बाहेरून टाकता येणार नाही, २०२६ च्या सप्टेंबरपासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर, थायलंडमध्ये सुरुवात. ओरडा झाल्यावर म्हणाले की जाणकारांसाठी वाट ठेवू. जाणकार कोण ते पण तेच ठरवणार.

कोडकर

अवांतर नाही, पण एक कबुली देतो. माझ्या टूलच्या पानावर पण तीच ओळ आहे, 'टर्मिनल उघडा आणि हे पेस्ट करा'. लिहिताना काही वाटलं नव्हतं. आता चोर तेच करतायत, खोटं 'तुम्ही रोबो नाही ना' असं पान दाखवतात आणि म्हणतात ही ओळ कॉपी करून पेस्ट करा, आणि माणसं करतात. आपणच त्यांना सवय लावली. कुलूप जितकं घट्ट तितकी आमच्यासारख्यांची माहितीपत्रकं चोरांसारखी दिसायला लागतात. यावर माझ्याकडे उत्तर नाही, आठ हजार पण नाहीत.

खटपट्या, चेकसम, म्हणजे फाइल बदललेली नाही ना ते ताडून बघायचा आकडा, जुळवून बघितला होतास का?

खटपट्या

नव्हता बघितला. आता दुकानात जाऊन बघितला, जुळतोय.

कोडकर

छान. फक्त तो चेकसम फाइलच्या शेजारीच त्याच पानावर लिहिलेला असेल तर फाइल बदलणारा तोही बदलू शकतो, एवढं लक्षात असू दे. हँडब्रेकवाल्यांचं त्यातल्या त्यात बरं होतं, फोडलेला सर्व्हर वेगळा होता त्यामुळे मूळ साइटवरचे आकडे खरे राहिले.

खटपट्या

अपडेट देतो. दुकानात गेलो तर ॲपची नवीन आवृत्ती टाकलेली, आणि चालू होती. म्हटलं कोणी करून दिलं? म्हणाली मीच. मॉनिटरच्या कडेला पिवळी चिठ्ठी चिकटवलीय, तिच्या सुबक अक्षरात ती अख्खी कमांड, आणि खाली लाल पेनने 'काहीही उघडत नसेल तर हे'.

सर्व्हररूम

'काहीही'. वाच परत. दोन दिवस मी हेच बोंबलतोय.

खटपट्या

चिठ्ठी काढ म्हणून सांगितलं. ती म्हणाली, काढते, मग पुढच्या अपडेटला तू येणार आहेस का भर लग्नसराईत?