स्थळ पाहताना थॅलेसेमियाचा रिपोर्ट मागावा का?

घोडबंदरकर: ठाण्यातल्या आमच्या वधू-वर मंडळात मुलीच्या पत्रिकेसोबत थॅलेसेमियाचा (हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक रक्ताचा आजार) रिपोर्ट सक्तीचा करायचं घाटतंय. काही म्हणतात, जीन थेरपी (जनुकात बदल करून उपचार) आली, आता याची गरजच काय? जाणकारांनी सांगावं.

नेरुळ_लॅब: फक्त मुलीचाच का? दोघेही कॅरिअर (सदोष जनुकाची एक प्रत बाळगणारे) असले तरच बाळाला मेजर, म्हणजे गंभीर थॅलेसेमिया, होण्याचा धोका असतो, तोही प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के. कॅरिअर स्वतः आजारी नसतो. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करा. एचबीए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार चार टक्क्यांच्या वर असेल तर बहुधा कॅरिअर, ३.५ ते ४ च्या मध्ये अडकलं तर डीएनए तपासणी. लोह कमी असलं की एचबीए२ खाली येतं आणि कॅरिअर निसटतो, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) सोबतच करा. गेल्या तीन-चार महिन्यांत रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीवर विसंबू नका. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजात प्रमाण जास्त आहे, पण बाकीच्यांनी निर्धास्त राहू नये.

खारघर_जनुक: जीन थेरपीनं हा प्रश्न सुटत नाही. कॅस्जेव्ही या जीन थेरपीला ब्रिटननं नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता दिली; अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. रुग्णाच्याच मूळपेशी बाहेर काढून बीसीएल११ए जनुकाचा रक्तपेशींतला जोर कमी करतात, मग गर्भात असताना बनणारं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होतं. त्या पेशी परत देण्याआधी बुसल्फान या केमोच्या औषधानं बोन मॅरो रिकामा करावा लागतो, त्यानं वंध्यत्व येऊ शकतं. आणि बदल फक्त रक्तात होतो. बरा झालेल्या रुग्णाचं प्रत्येक मूल कॅरिअर तरी असणारच, त्यामुळे जोडीदाराची तपासणी चुकत नाही.

दोघे कॅरिअर निघाले म्हणून लग्न मोडायची गरज नाही. गरोदरपणाच्या ११ ते १३ आठवड्यांत सीव्हीएस (वारेचा नमुना घेऊन गर्भाची तपासणी) करता येतं, किंवा आयव्हीएफ करून भ्रूणाची तपासणी.

कळवा_समुपदेशन: आजारी भावंडाला मूळपेशी देता याव्यात म्हणून जुळणारं बाळ हवं असतं तिथे मात्र जपून. मेजर नसलेला भ्रूण ३/४, एचएलए (प्रत्यारोपणासाठी जुळावी लागणारी पेशींची ओळख) जुळणारा १/४. दोन्ही एकत्र १६ भ्रूणांमधले सरासरी तीनच. मूळपेशींसाठी त्या बाळाच्या नाळेचं रक्त घेण्याला माझी हरकत नाही. ते कमी पडलं की त्याच लहानग्याचा बोन मॅरो मागतात, आणि त्याला नाही म्हणता येत नाही. त्याच्या बाजूनं बोलणारा, उपचार करणाऱ्या टीमबाहेरचा डॉक्टर आधीच ठरवा.

घोडबंदरकर, मंडळानं रिपोर्ट गोळा करूच नयेत. एकदा फाइलमध्ये गेला की तो चार घरी पोचतो आणि मुलीच्या बहिणीचंही स्थळ अडतं. पसंती झाल्यावर, साखरपुड्याआधी, मुलामुलींनी एकाच वेळी तपासून एकमेकांनाच दाखवावेत.