रसायनशास्त्राच्या जर्नलचा रोख आणि प्रभाव नेमका कशावरून ठरवावा?

प्रश्न: रेणुबंध

नमस्कार. ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी मी रसायनशास्त्राच्या एका जर्नलचा २०१३ ते २०२२ या दहा वर्षांचा अभ्यास करते आहे. प्रश्न पद्धतीचा असल्यामुळे जर्नलचे नाव देत नाही. ‘रसायनशास्त्राच्या सर्व शाखांतील संशोधन स्वीकारले जाईल’ असे त्याच्या धोरणात म्हटले असले, तरी अंक चाळताना मला सतत वाटत राहते की सेंद्रिय संश्लेषणाची जागा हळूहळू उत्प्रेरणाने आणि सच्छिद्र पदार्थांनी घेतली आहे. हे वाटणे पुराव्यानिशी कसे मांडावे? लेखकांनी दिलेले कीवर्ड मोजून पाहिले, तर ‘संश्लेषण’, ‘स्फटिकरचना’ आणि ‘उत्प्रेरण’ हेच शब्द दहाही वर्षे वर राहिले आणि त्यावरून काहीच ठरवता आले नाही.

दुसरी अडचण प्रभावाची. जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर (निबंधांना इतर लेखनात मिळालेल्या दाखल्यांची, म्हणजे उद्धरणांची, सरासरी) वाढत गेला आहे, २०२० साली तर त्याने चांगलीच उडी घेतली आहे. परंतु एकेक शोधनिबंध उघडून पाहिला, की बहुतेकांची उद्धरणे दोन-चारच्या पुढे जात नाहीत. इम्पॅक्ट फॅक्टरचा तक्ता दिला की प्रकरण पूर्ण झाले, असे माझ्या मार्गदर्शकांचे मत आहे. मला मात्र तेवढ्याने समाधान वाटत नाही. जाणकारांनी मार्ग दाखवावा.

उत्तर: स्फटिक

आपली शंका रास्त आहे, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण माझ्याच विषयातले आहे. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका ए’ या जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर २००८ साली २.०५१ होता. २००९ साली तो ४९.९२६ झाला, २०१० साली ५४.३३३, आणि २०११ साली पुन्हा २.०७६. ते जर्नल एका वर्षात चोवीसपट चांगले झाले आणि दोन वर्षांनी तितकेच घसरले, असे कोणीही म्हणणार नाही. घडले ते इतकेच, की जानेवारी २००८ मध्ये जॉर्ज शेल्ड्रिक यांचा ‘शेलएक्स’ या संगणकप्रणालींचा इतिहास सांगणारा लेख तेथे प्रसिद्ध झाला, आणि या प्रणाली वापरून स्फटिकरचना उलगडणाऱ्यांना संदर्भ म्हणून हा लेख देता येईल, असे त्याच्या गोषवाऱ्यातच सुचवलेले होते. रेणूंच्या रचना काढणाऱ्या असंख्य प्रयोगशाळा याच प्रणालींवर काम करत असल्याने त्या एका लेखावर हजारो उद्धरणे जमली. दोन वर्षांची मुदत उलटताच तो लेख हिशेबाबाहेर गेला.

इम्पॅक्ट फॅक्टर ही शेवटी एक सरासरी आहे: आधीच्या दोन वर्षांतील साहित्याला यंदा मिळालेली उद्धरणे भागिले त्या दोन वर्षांतील ‘उद्धरणयोग्य’ लेखांची संख्या. समजा, शंभर निबंधांपैकी नव्व्याण्णवांना प्रत्येकी २ आणि एकाला ८०० उद्धरणे मिळाली. सरासरी जवळजवळ १० येते. मध्यक, म्हणजे सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, २ च राहतो. आपल्याला निबंध उघडल्यावर जे दिसते आहे, तो हा मध्यक आहे. शिवाय संपादकीये आणि पत्रे यांना मिळालेली उद्धरणे अंशात धरली जातात, पण तो मजकूर छेदात नसतो.

म्हणून आढावा लेख प्रथम वेगळे काढा, कारण त्यांना मूळ संशोधनापेक्षा कितीतरी अधिक उद्धरणे मिळतात आणि वर्षभरात त्यांची संख्या थोडी वाढली तरी सरासरी हलते. मग प्रत्येक वर्षाचा मध्यक द्या, आणि त्याच वर्षी त्याच उपविषयात जगभर प्रसिद्ध झालेल्या निबंधांपैकी सर्वाधिक उद्धृत १० टक्क्यांत आपल्या जर्नलचे किती निबंध बसतात, ते द्या. हा दुसरा आकडा मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण त्यात एखादा लेख कितीही गाजला तरी तो एकच मोजला जातो.

उत्तर: सूचीकार

मी रोखापुरते लिहितो. लेखक कीवर्ड देतात ते आपला निबंध शोधणाऱ्याला सापडावा म्हणून. वर्गीकरण हा त्यांचा हेतू नसतो. ‘संश्लेषण’ हा शब्द रसायनशास्त्राच्या बहुतेक कोणत्याही निबंधाला चालतो, त्यामुळे तो वर येणारच. उलट खरा विषय अनेक नावांत विखुरलेला असतो. ‘मेटल-ऑर्गॅनिक फ्रेमवर्क’ (धातू आणि सेंद्रिय रेणू यांचे सच्छिद्र जाळे), त्याचे अनेकवचन, ‘एमओएफ’, जोडरेघ असलेले आणि नसलेले रूप, आणि काही गटांनी रूढ केलेले ‘पोरस कोऑर्डिनेशन पॉलिमर’ हे सारे संगणकाला वेगवेगळे दिसते. अशी एक यादी मी दोन आठवडे हाताने एकत्र करत बसलो होतो, आणि ती पूर्ण झाल्यावर यादीत विसाव्या क्रमांकाच्याही खाली असलेला विषय पहिल्या पाचांत आला. हे काम टाळू नका. कीवर्डवरून विषयांचा नकाशा काढून देणाऱ्या संगणकप्रणाली ते आपोआप करत नाहीत.

त्याहून खात्रीचा मार्ग संदर्भसूचींचा आहे. दोन निबंधांच्या संदर्भसूचींत समान नोंदी जितक्या अधिक, तितके त्यांचे विषय जवळचे, ही कल्पना केसलर यांनी १९६३ साली मांडली. १९७३ साली स्मॉल यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली: दोन जुन्या निबंधांना नंतरचे लेखक एकत्र उद्धृत करत असतील, तर त्यांत नाते आहे. अलीकडच्या वर्षांसाठी पहिली पद्धत घ्यावी, कारण दुसरीला उद्धरणे साचेपर्यंत थांबावे लागते. ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’ या रसायनशास्त्रीय गोषवाऱ्यांच्या सूचीची सोय असेल तर आणखी चांगले. तेथे प्रत्येक गोषवारा ८० विभागांपैकी एकात टाकला जातो. जैवरसायन, सेंद्रिय, बृहद्रेणू, उपयोजित, आणि भौतिक-असेंद्रिय-वैश्लेषिक असे त्यांचे पाच गट आहेत. ही विभागणी लेखकाच्या शब्दांवर अवलंबून नसते.

मात्र एक चूक फार वेळा पाहिली आहे. उत्प्रेरणाचा वाटा जर्नलमध्ये वाढला म्हणजे जर्नलचा रोख बदलला, असे होत नाही. त्याच काळात साऱ्या रसायनशास्त्रातच तो वाटा वाढलेला असू शकतो. जर्नलमधील वाट्याला एकूण साहित्यातील वाट्याने भागा. भागाकार १ च्या आसपास स्थिर राहिला, तर जर्नल प्रवाहाबरोबर चालले आहे. तो सतत वर चढत असेल, तरच हा बदल जर्नलचा स्वतःचा म्हणता येईल.

उत्तर: जुना वाचक

वरील दोन्ही उत्तरांशी मी सहमत आहे, पण मोजणी कोणासाठी हे आधी ठरायला हवे. १९२७ साली ग्रॉस आणि ग्रॉस यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या जर्नलच्या १९२६ च्या खंडातील संदर्भ मोजले, ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने रसायनशास्त्राची कोणती नियतकालिके घ्यावीत, हे ठरवण्यासाठी. प्रश्न नेमका असल्याने उत्तरही कामाचे निघाले. आपले जर्नल कोण उद्धृत करते, हे पाहा. उद्धरणे त्याच जर्नलच्या पुढच्या अंकांतून येतात, की औषधनिर्माण, ऊर्जा, पर्यावरण अशा बाहेरच्या क्षेत्रांतून? उद्धरणांची बेरीज सारखी असूनही अशी दोन जर्नले अगदी निराळी असतात.

रेणुबंध

तिघांचेही मनापासून आभार. आढावा लेख वेगळे काढले, तेव्हा मूळ निबंधांचा मध्यक दहा वर्षांत जवळजवळ हललाच नाही, हे दिसले. कीवर्डची यादी आता हाताने एकत्र करते आहे, आणि केवळ मथळ्यांवरून विषय ठरवता येत नाही, हेही त्यात लक्षात आले. एकच कोडे राहिले: आढावा लेख वगळूनही सरासरीत २०२० ची उडी उरतेच. त्या वर्षी जर्नलने धोरण बदललेले नाही.

उत्तर: स्फटिक

ती उडी आपल्या एकट्या जर्नलची नाही. अंकात येण्याआधी ऑनलाइन प्रसिद्ध झालेल्या निबंधांनी दिलेली उद्धरणे २०२० च्या इम्पॅक्ट फॅक्टरपासून अंशात धरली जाऊ लागली, त्यामुळे बहुसंख्य जर्नलांचे आकडे त्या वर्षी एकदम वर गेले. २०१९ आणि २०२० यांच्यामध्ये तक्त्यात रेघ ओढा, तळटीपेत कारण द्या, आणि त्या दोन वर्षांची तुलना करायचीच असेल तर आकड्याऐवजी विषयगटातील जर्नलचा क्रमांक घ्या. तो घसरलेलाही निघू शकेल.